गळतीचा पुरावा

बॅकअप घेणं इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. आमचा घरचा कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की बटण दाबून मी दाढी करून यायचो. दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, फॉरमॅट करावा लागेल. पाहिजे ते पेन ड्राइव्हवर काढून ठेवा." त्यासाठी मी रविवारची दुपार राखून ठेवली, झोपेवर पाणी सोडलं. प्रत्यक्षात पडद्यावरची सगळी पाकिटं, म्हणजे फोल्डर, धरून पेन ड्राइव्हमध्ये टाकली आणि चहा गाळायच्या आत काम संपलं. "लोक उगाच बाऊ करतात," असं मी बायकोला म्हणालो. हे वाक्य तिनं अजून जपून ठेवलंय. त्याला पेन ड्राइव्ह लागत नाही.

फॉरमॅट झाल्यावर पेन ड्राइव्ह लावला. पाकिटं सगळी आली होती. 'मनूचे फोटो', 'वणी', 'इन्कम टॅक्स', नावंसुद्धा जशीच्या तशी. उघडेना मात्र एकही. दुरुस्तीवाल्यानं बघितलं आणि डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात तशा आवाजात म्हणाला, "काका, हे शॉर्टकट आहेत. कोपऱ्यात बारका बाण दिसतोय ना? वस्तू कुठं ठेवलीय ते हा बाण दाखवतो. वस्तू तुम्ही घेतलीच नाही."

"मग आता हा बाण काय दाखवतोय?"

"आता काहीच नाही."

बायकोनं पायात चपला घातल्या. आमच्या घरात हे चांगलं लक्षण नाही. ती भाजी आणायला म्हणून खाली गेली आणि संध्याकाळपर्यंत ही बातमी खालच्या मजल्यावर पोचली, कारण अहिरराव भाऊसाहेब पायजमा आणि इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट घालून दारात उभे होते. घरात ते बनियनवर असायचे. बुशशर्ट म्हणजे काम सरकारी.

खुर्चीवर न बसता त्यांनी सगळी हकीकत माझ्याकडून पुन्हा ऐकली. मग म्हणाले, "साहेब, तुम्ही बस्त्यावरची चिठ्ठी जपून ठेवली आणि बस्ता जाळला."

भाऊसाहेबांची आयुष्यभराची नोकरी एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये झाली होती. जुन्या फायली फडक्यात बांधून, चिठ्ठी लावून, मांडणीवर ठेवायच्या. अशा बांधलेल्या गठ्ठ्याला ते बस्ता म्हणत. कचेरीत सगळ्याच कारकुनांना भाऊसाहेब म्हणतात, पण यांना ते नाव असं चिकटलं की निवृत्तीनंतर घरापर्यंत आलं. त्यांची बायको, जिला सगळी बिल्डिंग अक्का म्हणायची, तीसुद्धा त्यांना भाऊसाहेबच म्हणायची. मात्र तिच्या तोंडी त्या शब्दाला जरा वेगळी धार असायची. "आमचे भाऊसाहेब देवाला फूल वाहतील ना, तर आधी पोच घेतील," असं ती त्यांच्यासमोरच सांगायची.

दोघं मूळचे नामपूरकडचे. नाशिकच्या गंगापूर रोडला आमच्या बिल्डिंगमध्ये येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण कांदा अजून गावाहून यायचा आणि भाषाही. बाहेरच्यांशी भाऊसाहेब छापील मराठी बोलत. अक्काशी अहिराणी. आणि कॉम्प्युटरशी काहीच बोलत नसत; बाकी आम्ही सगळे बोलायचो, विशेषतः तो अडकला की.

कॉम्प्युटर त्यांना मुलानं घेऊन दिलेला. मुलगा पुण्याला. म्हातारा माणूस, वेळ जाईल, पत्ते खेळेल, असा त्याचा हिशेब. भाऊसाहेबांनी पहिल्या आठवड्यात पत्ते काढून टाकले आणि चार पाकिटं तयार केली: अ, ब, क, ड. सरकारी कागदांचे वर्ग असेच असतात हे मला त्यांच्यामुळे कळलं. 'अ' म्हणजे कायम ठेवायचं. 'ब' तीस वर्षं. 'क' थोडी वर्षं. 'ड' म्हणजे वर्षभर ठेवायचं आणि मग नष्ट करायचं. जगातल्या कुठल्याही कागदाला यातला एक वर्ग असतोच, आणि ज्याला नाही तो कागदच नव्हे, अशी त्यांची श्रद्धा होती.

एकदा हे डोक्यात बसलं की माणसाला दुसरं काही दिसत नसावं. पत्रिका आली की ते पाकीट न फोडता स्वतःलाच विचारायचे, "वर्ग काय?" जवळच्या भाचीचं लग्न 'क', ऑफिसातल्या कोणाच्या मुलाचं 'ड'. कैरीचं लोणचं 'क', लिंबाचं 'ब'. माझ्या मुलीनं, मनूनं, एकदा विचारलं, "काका, मी कोणता वर्ग?" तर ते खरंच विचारात पडले आणि म्हणाले, "तू अजून चालू फाइल आहेस. चालू फाइलला वर्ग नसतो."

त्या संध्याकाळी त्यांनी माझा कॉम्प्युटर हातात घेतला. मनूच्या मोबाइलमुळे बरेचसे फोटो परत आले होते आणि मी ते सगळेच्या सगळे एका नव्या डिस्कवर ओतायला निघालो होतो. भाऊसाहेबांनी हात धरला.

"सगळं ठेवणार?"

"हो. म्हणजे डोक्याला ताप नको."

"साहेब, माझे वडील कांदे साठवणीच्या चाळीत भरायच्या आधी आम्हाला निवडायला बसवायचे. जाड मानेचा कांदा बाजूला, जोडकांदा बाजूला. लगेच खा, नाही तर विका, पण चाळीत टाकू नका. तो टिकत नाही आणि शेजारच्याला नासवतो." मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

तो एका हॉटेलातल्या पनीरच्या भाजीचा फोटो होता. तीच भाजी आठ-दहा बाजूंनी.

"जाड मानेचा," भाऊसाहेब म्हणाले.

माझी अडचण ही की मला निवडता येत नाही. नाशिक रोडहून नोकरी करून घरी येईपर्यंत माझ्यात जी काही निर्णयशक्ती उरते ती भाजीत वांगं की दोडका इथपर्यंत पुरते. फोन रोज सांगतो, जागा संपली. मी रोज त्याला 'नंतर' म्हणतो. लोकांच्या शुभ सकाळी, कोणाच्या तरी पुतण्याच्या वरातीचा व्हिडिओ, पाण्याचा टँकर कधी येणार ते सांगणारा निरोप, सगळं माझ्या फोनमध्ये सुखानं नांदतं. बायको म्हणते, "तुमच्या फोनला आता वास यायला लागेल." भाऊसाहेब माझ्या फोनकडे तर बघायचेही टाळत.

सोसायटीच्या कॉम्प्युटरचं बॅकअप त्यांच्याकडे सोपवलं गेलं ती सभा मला आठवते. काय ठेवायचं यावर दोन तास गेले. एकीचा आग्रह, गणपतीतल्या नाचांचे व्हिडिओ कायम ठेवा, कारण त्यात तिचा मुलगा होता. एक जण म्हणाला, जुने हिशेब कशाला, गेलेले पैसे गेले. भाऊसाहेबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि नाचांना 'क' देऊन पार्किंगच्या वादाचा सगळा पत्रव्यवहार 'अ' वर्गात टाकला. अध्यक्ष म्हणाले, "अहो, ते कशाला कायम?" भाऊसाहेब म्हणाले, "साहेब, तुम्ही जाल, मी जाईन, पार्किंगचा वाद राहील." त्यावर पार्किंगच्या दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवल्या. त्यांचं एकमत झालेलं मी ते एवढंच पाहिलं.

ठेवलेल्या गोष्टीची प्रत कुठं ठेवायची याचाही नियम होता. "मूळ इथं, प्रत दुसऱ्या ठिकाणी. आणि दुसरं ठिकाण म्हणजे दुसरं कपाट नव्हे. दुसरी इमारत." त्यांच्या नोकरीच्या काळात कधी तरी रेकॉर्ड रूममध्ये पाणी शिरलं होतं. मूळ फायली खालच्या मांडणीवर, त्यांच्या नकला वरच्या मांडणीवर, आणि पाणी छतातून आलेलं. तेव्हापासून हा नियम. म्हणून दरवर्षी 'अ' आणि 'ब' वर्ग भरलेला एक पेन ड्राइव्ह, कापडात गुंडाळून, लाल फितीनं बांधून, कांदा घेऊन आलेल्या टेम्पोतून परत नामपूरला भावाकडे जायचा. भाऊ तो बाजरीच्या डब्यात ठेवायचा आणि फोन करून सांगायचा, "तुन्हं बटन सुखरूप शे."

या सगळ्या कारभारातला मोठा दिवस म्हणजे मार्चअखेर. त्या दिवशी निंदणी. शेतातलं तण काढतात ती निंदणी; कचेरीतही जुने कागद काढून टाकण्याला तोच शब्द. भाऊसाहेब आंघोळ, पूजा करून, बुशशर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसत. कागद नष्ट करताना साक्षीदार लागतो, एकट्यानं करायचं नाही, म्हणून शेजारच्या खुर्चीत अक्का. तिच्या मांडीवर परातीत मेथी नाही तर हरभरा. भाऊसाहेब 'ड' वर्गातलं एकेक नाव मोठ्यानं वाचत आणि ती म्हणायची, "जाऊ द्या." मध्येच एखाद्या नावाला ती म्हणायची, "राहू द्या ना ते." भाऊसाहेब विचारत, "कारण?" ती म्हणायची, "कारण काय, असंच." असंच हे कारण नियमात नव्हतं. मग तेही जायचं. शेवटी कचरापेटी रिकामी करायची. ते काम भाऊसाहेब अशा गांभीर्यानं करत की मागं वळून बघू नये असं वाटावं.

एकदा मी काही कामानं गेलो असताना निंदणी चालू होती. अक्का मला म्हणाली, "या, बसा. आमचं वर्षश्राद्ध चाललंय."

आता गळतीचं सांगायला हवं. आम्ही वर, ते खाली. आमच्या बाथरूममधून त्यांच्या छताला ओल आली. पहिल्यांदा अक्कानं जिन्यात बायकोला सांगितलं, मग बायकोनं मला सांगितलं, आणि मी 'नंतर' म्हणालो. मग भाऊसाहेबांकडून माझ्या फोनवर रीतसर निरोप आला. विषय: आपल्या स्नानगृहातून होणाऱ्या गळतीबाबत. सोबत: पुरावा. पुरावा म्हणजे एक व्हिडिओ होता. मी तो अर्धवट बघितला, छताला पोपडा दिसला, तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. आठवड्याभरात प्लंबर बोलावला, फरशी फोडली, बसवली. भाऊसाहेबांनी वर येऊन काम तपासलं, "प्रकरण निकाली," म्हणाले आणि चहा घेतला. निकाली प्रकरण म्हणजे वर्ग 'ड'.

त्यानंतर दोनेक वर्षांनी, संक्रांतीच्या सुमाराला, अक्का सकाळी देवापुढं वाकली आणि तशीच कलंडली. दवाखान्यातून घरी आली तेव्हा उजवा हात लुळा होता आणि बोलणं गेलं होतं. गेलं म्हणजे, एक शब्द उरला होता. बरं. पाणी हवं असलं तरी बरं, नको असलं तरी बरं. रागावली तरी बरं. समजत सगळं होतं. नजर तीच होती. मी गेलो की माझ्याकडे बघून तिचे डोळे हसायचे. आता काही तरी खोचक येणार म्हणून मी तयार व्हायचो आणि "बरं" यायचं. त्या वेळी कुठं बघावं कळत नसे. जिन्यातून जाताना पूर्वी तिचा आवाज आमच्या दारापर्यंत यायचा, भाजीवाल्याशी, कामवालीशी, भाऊसाहेबांशी. आता खालचा मजला इतका शांत झाला की आमच्या बायकोनं मिक्सर लावायची वेळ बदलली. तिला लाज वाटायची.

बोलण्याचा सराव करून घ्यायला एक तरुण मॅडम यायच्या. पहिल्याच दिवशी त्या भाऊसाहेबांना म्हणाल्या, "काका, आजी आधी कशा बोलायच्या? अहिराणी की मराठी? एखादं रेकॉर्डिंग असेल तर द्या. त्यांच्या तोंडातले रोजचे शब्द कळले की त्यावरून सराव घेता येईल. पुस्तकातले शब्द त्यांना परके वाटतायत."

भाऊसाहेब म्हणाले, "आमच्याकडं सगळं आहे."

संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. बनियनवर होते. "साहेब, जरा बसा शेजारी. चष्म्याचा नंबर बदललाय बहुतेक." चष्म्याचं काही नव्हतं. त्यांना साक्षीदार हवा होता आणि नेहमीची खुर्ची रिकामी होती. अक्का पलीकडच्या खोलीत पडून होती, दार उघडं होतं.

आम्ही 'अ' वर्ग उघडला. खरेदीखत. पेन्शनचा आदेश. मुलाची सगळी प्रमाणपत्रं. घरपट्टी, पाणीपट्टी. लग्नातला जुना फोटो, त्यात अक्का डोळे खाली घालून. आधार, रेशन, मतदान. तिच्या डोळ्यांचे, गुडघ्यांचे, साखरेचे रिपोर्ट, तारीखवार. एका बाईविषयी इतके कागद मी एकत्र कधी पाहिले नव्हते आणि एकातही ती बोलत नव्हती.

"नातवाच्या बारशाचा व्हिडिओ आहे," भाऊसाहेब म्हणाले. तो लावला. अक्का पाळण्याची दोरी धरून होती, तोंड हलत होतं, बायकांना काही तरी सांगत होती आणि सगळ्या बायका हसत होत्या. वर सनई वाजत होती. मुलानं हौसेनं सगळ्या व्हिडिओवर सनई घातली होती. मी आवाज मोठा केला, सनई मोठी झाली.

"बंद करा," भाऊसाहेब म्हणाले.

पुण्याला फोन केला. मुलगा वडिलांना म्हणाला, "दादा, रोज व्हिडिओ कॉल करायचो, पण कॉल कुठं राहतो?" अक्का बोलून निरोप पाठवणाऱ्यांतली नव्हती, तिला समोरचा उत्तर देणारा लागायचा. नामपूरला फोन केला. भावानं बाजरीच्या डब्यातून सगळी बटणं काढली, त्याच्या पोरीनं कोणाच्या तरी कॉम्प्युटरला लावून पाहिली. तिथंही खरेदीखत, घरपट्टी, पेन्शन. अर्थात. नामपूरला फक्त 'अ' आणि 'ब' जायचे.

भाऊसाहेबांनी 'ड' उघडलं, त्यात या वर्षाची नुसती बिलं. मग म्हणाले, "होतं. 'ड'मध्ये होतं. टाकीचं मीटर फिरतंय का ते दाखवायला काढलेलं. कुकरची शिट्टी बिघडली तेव्हाचं. गळतीचं. ती मध्ये मध्ये बोलायची. मला राग यायचा." मग पडद्याकडे बघतच म्हणाले, "मी नाव वाचलं, ती 'जाऊ द्या' म्हणाली. साक्षीदार तीच."

पलीकडून आवाज आला, "बरं."

मला त्या क्षणी गळती हा शब्द ऐकू आला होता, पण मी गप्प बसलो. माझ्या फोनवर भरवसा ठेवून कोणाला आशा लावावी असं माझं रेकॉर्ड नाही. वर आलो आणि बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही काही काढून टाकलेलं नाही ना?"

"मी कधी काय काढून टाकलंय?"

"आयुष्यात पहिल्यांदा बरं झालं," ती म्हणाली आणि चष्मा लावून शेजारी बसली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. फोन इतका भरलेला की बोटानं वर सरकवलं की तो विचार करायला थांबायचा. भाऊसाहेबांचे निरोप मोजके आणि सगळे विषयासह: विषय: जिन्यातील दिवा. विषय: आपल्या चपला. अखेर विषय: आपल्या स्नानगृहातून. खाली काळपट चौकोन. बायको म्हणाली, "दाबा." मी दाबलं.

आधी छत दिसलं, पोपडे, थेंब. मग केरसुणीची मूठ आली, ती पोपड्यावर टेकवून अक्का जागा दाखवत होती. ती स्वतः दिसत नव्हती. आवाज मात्र खणखणीत.

"हाई देखा. वरला भाऊ आंघोळ करी राहिना, आनि खाले आमनी आंघोळ हुई राहिनी."

मग भाऊसाहेब, पुराव्यासाठी ठेवणीतल्या मराठीत: "तू मध्ये बोलू नकोस. रेकॉर्डिंग चालू आहे."

"मंग ऱ्हाऊ द्या ना चालू. मी काय शिव्या दी राहिनू का? त्याले सांगा, पानी देस तं साबन बी धाडी दे म्हना. एवढा शिकेल शे, पन नळ बंद करता येस नही."

"बोलू नकोस म्हटलं ना."

"बरं," अक्का म्हणाली, आणि पुढं छत मुकाट्यानं गळत राहिलं.

आमची बायको हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागली. माझ्याविषयी कोणी काही बोललं की तिला हसू येतंच, पण हे हसू लवकर थांबेना.

आम्ही दोघं खाली गेलो. मॅडम आलेल्या होत्या. अक्का खुर्चीत, भाऊसाहेब तिच्या लुळ्या हाताला चेंडू धरायला लावत होते. मी काही न सांगता फोन तिच्या कानाशी नेला आणि लावला. ती आधी दचकली. मग माझ्याकडे बघायला लागली. 'साबन बी धाडी दे'पाशी डावा हात तोंडावर गेला आणि खांदे हलायला लागले. मॅडमना अर्थ कळेना, त्या विचारत होत्या, "काय म्हणतायत? वरला भाऊ कोण?" बायकोनं माझ्याकडे बोट दाखवलं.

भाऊसाहेब हसले नाहीत. ते पुन्हा लावा म्हणाले. पुन्हा लावलं. 'बोलू नकोस' आलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि बुशशर्टाला पुसायला गेले, पण अंगात बनियनच होतं, म्हणून नुसता हातात धरून बसले. तिसऱ्यांदा लावायला त्यांनी सांगितलं नाही. म्हणाले, "नियम करणाऱ्यानं कागदाचा विचार केला होता. बरोबर आहे, तेव्हा कागदच होते." मग अक्काकडे वळून अहिराणीत विचारलं, "वर्ग काय देऊ?"

इतक्या वर्षांत त्यांनी तिला वर्ग विचारलेला मी ऐकला नव्हता. तिनं थोडा वेळ त्यांना ताटकळत ठेवलं. मग म्हणाली, "बरं."

मॅडमनी त्याच वाक्यातले शब्द घेतले. पानी, साबन, नळ, आंघोळ. रोज संध्याकाळी खालच्या घरात माझी बदनामी लागायची, दोन-तीनदा, आणि तिच्या मागोमाग एक अडखळता आवाज यायचा. आमच्या बाथरूममध्ये तो स्पष्ट ऐकू येतो, कारण पाइपांची पोकळी एकच आहे. मी ऑफिसहून येऊन पाय धुवायला जायचो आणि नळ हळूच सोडायचो. कित्येक दिवस नुसतंच "आं" यायचं. पुढं काही नाही. भाऊसाहेब म्हणायचे, "घोळ. आं-घोळ." ती म्हणायची, "बरं." कधी तिला राग येऊन काही तरी आपटल्याचा आवाज यायचा. कधी भाऊसाहेबच मध्ये थांबायचे आणि नुसता व्हिडिओ पुन्हा लागायचा, सरावाशिवाय.

मार्चअखेर आली आणि गेली. बुशशर्ट दोरीवर दिसला नाही. त्या वर्षी निंदणी झाली नाही. मी एकदा सहज विचारलं तर म्हणाले, "साहेब, निवडायला बसलो की हात चालत नाही आता. सगळेच जाड मानेचे वाटतात, नाही तर एकही नाही." आवाज फार थकलेला होता. मी म्हणालो, माझ्यासारखं करा, नंतर म्हणा. ते म्हणाले, "तुमच्यासारखं करायला धीर लागतो."

उन्हाळ्यात मुलगा येऊन दोघांना पुण्याला घेऊन गेला. एकट्यानं सगळं करणं भाऊसाहेबांना झेपेना. सामान फार नव्हतं. कॉम्प्युटर मुलानं कोणाला तरी देऊन टाकला, आतली डिस्क भाऊसाहेबांनी काढून घेतली होती. निघायच्या आधी ते वर आले, इस्त्रीचा बुशशर्ट घालून. हातात कापडाची पुरचुंडी, लाल फीत, चिठ्ठीवर नुसतं 'अ'.

"ही तुमच्याकडे ठेवा."

"नामपूरला नाही?"

"नामपूरला एक गेली. एक माझ्याजवळ. पण नियम आहे ना, दुसरी इमारत. आता आम्ही दुसऱ्या इमारतीत चाललो, म्हणून एक इथं." पुरचुंडी माझ्या हातात देऊन म्हणाले, "फोनमधलं काढू नका एवढ्यात. मूळ ते आहे."

मी म्हणालो, माझ्याविरुद्धचा पुरावा मीच कायम सांभाळायचा म्हणजे जरा जास्तच झालं. त्यावर ते पहिल्यांदा हसले. पोच मागितली नाही.

खाली गाडीत अक्का खिडकीशी बसली होती. मी वाकून नमस्कार केला. तिनं डाव्या हातानं मला जवळ ये म्हणून खुणावलं, तोंड उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. भाऊसाहेब पलीकडून चढत होते ते तसेच एक पाय बाहेर ठेवून थांबले.

"आं... घोळ," अक्का म्हणाली. आणि भुवया वर केल्या, उत्तर हवं असल्यासारख्या.

"झाली, अक्का," मी म्हणालो. "खाली पाणी आलं नाही ना?"

"बरं," ती म्हणाली आणि डोळ्यांनी हसली. भाऊसाहेबांनी दुसरा पाय आत घेतला, तिचा लुळा हात उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवला, आणि गाडी गेटमधून डावीकडे वळली. मागच्या काचेतून दोन पांढरी डोकी दिसली, मग नुसती काच.

वर येऊन मी पुरचुंडी कपाटात ठेवली. बायको स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. नामपूरचा, भाऊसाहेब जाताना अर्धं पोतं देऊन गेले होते. पाठ न वळवता तिनं विचारलं, "माझं बोललेलं काही आहे का हो तुमच्याकडं?"

"असेल की," मी म्हणालो. इतक्या पसाऱ्यात नसेल कसं? मी टेबलाशी बसून फोन उघडला आणि बोटानं वर सरकवायला लागलो. शुभ सकाळ. टँकर. वरात. पनीर. बायकोचे निरोप सगळे लिहिलेले: येताना कोथिंबीर, येताना गोळ्या, कुठं आहात. मनूच्या वाढदिवसाचा एक व्हिडिओ सापडला, त्यात सगळे गात होते, तिचा आवाज वेगळा काढता येईना. वणीच्या पायऱ्यांवरचा एक होता, तिथं वारा. मी आणखी मागं गेलो, कानाला फोन लावून एकेक ऐकत. मध्ये ती काही तरी म्हणत होती, मी हाताची खूण करून थांब म्हटलं.

शेवटी ती पुढ्यात येऊन उभी राहिली, हातात फडकं.

"तुम्ही शोधा निवांत," ती म्हणाली. "मी मघापासून सांगतेय, ते दूध गेलं उतू."